एक-पंचमांश स्पिटफायर आणि मराठवाड्याचे आकाश

रेडिओ लहरींनी नियंत्रित होणाऱ्या विमान-प्रतिकृतींमध्ये दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या मोठ्या प्रतिकृतींचा वर्ग स्वतंत्र मानला जातो, कारण आकार वाढत जातो तसे प्रतिकृतीचे हवेतील वागणे मूळ विमानाच्या जवळ येऊ लागते आणि तिच्यापासून संभवणारा धोकाही त्याच प्रमाणात वाढतो. इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशन या अमेरिकी संघटनेने रूढ केलेल्या व्याख्येनुसार पंखांची एकच जोडी असलेल्या प्रतिकृतीचा पंखविस्तार, म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतर, किमान ८० इंच आणि पंखांच्या दोन जोड्या असलेल्या प्रतिकृतीचा किमान ६० इंच असेल, तर तिला मोठी प्रतिकृती म्हणतात. अशा प्रतिकृतीला खेळणे म्हणणे चुकीचे आहे. ती वैमानिक आत न बसलेले, पण इतर सर्व बाबतींत पूर्ण असे विमानच असते.

या विषयाचा हिंगोलीसारख्या जिल्ह्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु तो संबंध इतिहासाने आधीच जोडून ठेवला आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हिंगोली शहरात एके काळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती आणि संस्थानाच्या तिजोरीत शेतसारा भरणाऱ्या मुलखात येथील काळी जमीनही होती. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी डी. एच. ९ ए जातीच्या बाँबफेकी विमानांचा खर्च उचलला आणि त्या स्क्वाड्रनच्या नावाला ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ क्रमांकाच्या आणखी दोन स्क्वाड्रन या संस्थानाच्या नावाने लढल्या. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात झालेल्या निर्णायक लढाईत १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनची स्पिटफायर विमाने डॉर्सेटमधील वॉर्मवेल तळावरून, तर २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रनची हरिकेन विमाने लंडनच्या दक्षिणेकडील केनली तळावरून झुंजली. १५२ च्या अधिकृत चिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते, तिच्या विमानांच्या अंगावर ‘यू एम’ आणि २५३ च्या विमानांवर ‘एस डब्ल्यू’ ही रोमन अक्षरे रंगवलेली असत, आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आल्यावर १५२ च्या स्पिटफायरवर झेप घेणारा काळा बिबळ्या उमटला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत हे संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा भारतीय हवाई दलाने हॉकर टेम्पेस्ट ही विमाने वापरली. स्पिटफायर, हरिकेन आणि टेम्पेस्ट ही तिन्ही विमाने जगभरच्या मोठ्या प्रतिकृतींमध्ये आवडीने बांधली जातात. मराठवाड्यात ती बांधली गेली तर ती परक्या इतिहासाची हौस ठरणार नाही.

प्रतिकृतीच्या आकाराचे गणित समजून घेण्यासाठी पहिल्या मालिकेतील स्पिटफायर घेणे सोयीचे आहे. या विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २२.५ चौरस मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वजन साधारण २,८०० किलो होते. त्याची एक-पंचमांश प्रतिकृती केली तर पंखविस्तार पाचपट घटून २.२५ मीटर होतो, क्षेत्रफळ पाचाच्या वर्गाने, म्हणजे पंचवीसपट, घटून ०.९ चौरस मीटर राहते आणि वजन पाचाच्या घनाने, म्हणजे सव्वाशेपट, घटून सुमारे २२.४ किलोवर येते. प्रत्यक्षात बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड, पातळ प्लायवूड आणि फायबरग्लासचे कापड वापरून कुशल कारागीर हेच विमान १२ किलोच्या आसपास बसवू शकतो. प्रत्येक चौरस मीटर पंखावर किती वजन पडते त्याला पंखभार म्हणतात. मूळ विमानाचा पंखभार १२५ किलोच्या घरात होता, तो १२ किलोच्या प्रतिकृतीत १३ किलोंच्या थोडा वर जातो. पंखाने निर्माण केलेली उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, ज्या किमान वेगाखाली विमान हवेत तग धरू शकत नाही तो वेग, म्हणजे स्टॉलचा वेग, प्रतिकृतीत मूळ विमानाच्या एक-तृतीयांशाजवळ येतो. मूळ स्पिटफायर फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, आणि चाके खाली सोडलेल्या अवस्थेत ताशी १०० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होई. प्रतिकृती ताशी ३५ ते ४० किलोमीटरपर्यंत टिकते.

मोठ्या आकाराचे सौंदर्यही याच गणितात आहे. एक मीटरची छोटी प्रतिकृती आकाशात चिलटासारखी भिरभिरते आणि तिचे वळण डोळ्याला खोटे वाटते. सव्वादोन मीटरचे विमान मात्र वाऱ्याच्या लहान झोतांना दाद न देता वळण पूर्ण करते, त्याच्या गिरकीला वेळ लागतो आणि पाहणाऱ्याला वजनाची जाणीव होते. पण हेच वजन ताशी १०० किलोमीटरने जात असताना त्याच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तेरा मजली इमारतीच्या माथ्यावरून, पडलेल्या १२ किलोच्या वस्तूइतकी असते, आणि पुढे ५० घन सेंटिमीटरच्या इंजिनावर फिरणारा २२ इंची पंखा असतो. या छंदातील सारी शिस्त या दोन गोष्टींवरून ठरते.

अशा विमानात बदल करणे, म्हणजे तयार संच किंवा आराखडा घेऊन त्याला आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करून उडण्याजोगे व मूळ रूपाशी प्रामाणिक बनवणे, हा या छंदाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. त्यातील पहिला आणि सर्वांत त्रासदायक प्रश्न गुरुत्वमध्याचा असतो. विमानाचे सारे वजन ज्या बिंदूवर तोलले जाते तो बिंदू पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव अंतरावर असावा लागतो. तो मागे सरकला तर विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच नाक वर करून हाताबाहेर जाते. मूळ विमानात शेकडो किलो वजनाचे मर्लिन इंजिन पुढे होते, प्रतिकृतीचे इंजिन त्या मानाने हलके असते, त्यामुळे शेपटीतील प्रत्येक ग्रॅम नाकात कितीतरी अधिक वजन घालून फेडावा लागतो. म्हणूनच अनुभवी कारागीर शिसे भरण्याआधी बॅटऱ्या, इग्निशनचे यंत्र आणि शेपटीचे सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या आज्ञेनुसार नियंत्रणाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी, पुढे सरकवतात आणि शेपटीतील लाकूड निवडून हलके घेतात.

इंजिनाच्या बाबतीत ग्रामीण भागाला एक फायदा आहे. लहान प्रतिकृतींची ग्लो इंजिने मिथेनॉल, एरंडेल व नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालतात आणि ते इंधन तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. मोठ्या प्रतिकृतीचे दोन-स्ट्रोक इंजिन मात्र पेट्रोलमध्ये तिसाला एक ते चाळीसाला एक या प्रमाणात टू-टी ऑइल घालून चालते. परदेशांत १९७० च्या दशकात छंदिष्टांनी साखळी-करवती आणि गवत कापण्याच्या यंत्रांची इंजिने काढून विमानांवर बसवली, त्यातूनच आजची खास इंजिने विकसित झाली. शेतातील ब्रश कटरचे आणि पाठीवरच्या पॉवर स्प्रेचे इंजिन खोलून जोडणारा मिस्त्री हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या बाजारात सापडतो, आणि कार्ब्युरेटरची सुई लावणे, रिंग बदलणे, स्पार्क प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखणे हे त्याचे रोजचे ज्ञान या छंदाला जसेच्या तसे लागू पडते. या ज्ञानाला योग्य मान मिळायला हवा.

पंखातील बदल अधिक नाजूक असतात. स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख मुळाशी रुंदीच्या १३ टक्के जाड आणि टोकाशी त्याहूनही पातळ होता. लहान आकारात आणि कमी वेगात हवेचा प्रवाह अशा पातळ, अरुंद टोकावरून लवकर सुटतो, एक पंख अचानक खाली कोसळतो आणि विमान गिरकी घेत जमिनीवर येते. मूळ अभियंत्यांनीच पंखाला मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा पीळ दिला होता, म्हणजे टोकाची पुढची कड किंचित खाली झुकवली होती, ज्यामुळे मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो आणि टोकाशी असलेली एलेरॉन ही तोल सावरणारी झडप काम करत राहते. प्रतिकृती बांधताना हा पीळ राखणे, गरज पडल्यास पंखाचा छेद थोडा जाड करणे आणि शेपटीचे क्षेत्र किंचित वाढवणे हे रूपाशी केलेले समंजस तडजोडीचे बदल होत. त्यानंतर आत मिटणारी चाके, फ्लॅप, पांढऱ्या डिंकाच्या थेंबांनी उठवलेले रिव्हेट, कॉकपिटमधील घड्याळांच्या तबकड्या असे काम महिनोन्‌महिने चालते. मात्र या सजावटीचे वजन उड्डाणाला भोवणार नाही, याचे भान राखणाराच खरा कारागीर.

उड्डाणाची वेळ आली की जमिनीवरचे काही सेकंद सर्वांत कठीण ठरतात. पंख्याच्या फिरण्याची प्रतिक्रिया आणि त्याने मागे फेकलेल्या हवेचा पीळ यांमुळे मर्लिन इंजिनाचे स्पिटफायर धावताना डावीकडे ओढले जाई, आणि प्रतिकृतीही तशीच वागते. वैमानिकाला उजवा रडर, म्हणजे शेपटीवरची दिशा बदलणारी झडप, देत थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती, हळूहळू वाढवावा लागतो, आणि एकदम पूर्ण शक्ती दिली तर विमान धावपट्टी सोडून जाते. स्पिटफायरची चाके एकमेकांजवळ असल्याने ते उतरताना पंखावर कलंडते. या कारणांमुळे पहिले मोठे लढाऊ विमान म्हणून स्पिटफायर निवडू नये, हरिकेन निवडावे. त्याचा पंख जाड, चाकांतील अंतर प्रशस्त आणि स्वभाव क्षमाशील आहे. एक-पंचमांश आकारात त्याचा विस्तार २.४४ मीटर भरतो. टेम्पेस्टची चाकेही दूर असतात आणि त्याच्या दुसऱ्या मालिकेच्या रुंद गोल नाकात इंजिन सहज लपते.

हिंगोलीच्या हवामानाचा हिशेब यात धरावा लागतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आणि मे महिन्यातील ४२ अंश तापमानात हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा साधारण १३ टक्के कमी होते, म्हणून उड्डाणासाठी जवळपास ७ टक्के अधिक वेग लागतो आणि इंजिनाची शक्ती मात्र घटलेली असते. त्यातच दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत उतरणारे विमान उचलून धरतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाके गिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ, मुरूम टाकून रोलर फिरवलेली दीड-दोनशे मीटरची पट्टी आणि चहूबाजूंना माणसे, जनावरे व विजेच्या तारा नसलेले शिवार ही खरी गरज आहे. दसरा महोत्सव भरतो त्या रामलीला मैदानासारख्या वस्तीतल्या जागा यासाठी मुळीच योग्य नाहीत.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या यंत्रांना ‘मॉडेल’ हा स्वतंत्र वर्ग दिला आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेट, म्हणजे नमुन्याचे सरकारी प्रमाणपत्र, लागत नाही. विशिष्ट ओळख क्रमांकासाठी सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी करावी लागते, आणि वैमानिक प्रमाणपत्रातून मिळणारी सूट अव्यावसायिक वापरात २ किलोपर्यंतच असल्याने १२ किलोच्या विमानासाठी ती गृहीत धरू नये. हवाई नकाशावरील हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत परवानगीविना उडता येते. तरी प्रत्येक वेळी नकाशा पाहावा, आणि लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा जेथे साकारत आहे त्या औंढा नागनाथ परिसरात तर स्थानिक प्रशासनाला विचारल्याशिवाय जाऊच नये. शस्त्रे, दारूगोळा वा स्फोटके वाहून नेण्यास मनाई आहे. नियमांच्या पलीकडे दोन सवयी जीव वाचवतात. पहिली म्हणजे रेडिओचा संपर्क तुटताच इंजिन आपोआप मंद होईल वा बंद पडेल अशी फेल-सेफ यंत्रणा प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासणे; दुसरी म्हणजे पंख्याच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणालाही उभे न करणे.

एन.सी.सी.च्या वायुदल शाखेत एअरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात, परंतु महाराष्ट्रात या शाखेची परंपरा मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांभोवती वाढली. हिंगोली, परभणी आणि नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी व तंत्रनिकेतनांनी विद्यार्थ्यांना आधी फोमचे प्रशिक्षण विमान, मग दीड मीटरचे बाल्साचे विमान आणि त्यानंतरच मोठे लढाऊ विमान या क्रमाने नेले, कार्यशाळेत ब्रश कटरच्या मिस्त्रीला शिक्षक म्हणून बोलावले आणि गावाबाहेर मुरमाची एक पट्टी राखून ठेवली, तर वायुगतिकी, इंजिने आणि स्वतःच्या प्रदेशाचा इतिहास हे तिन्ही विषय एकाच कामातून शिकवता येतील. त्या पट्टीवरून उडणारे पहिले हरिकेन ‘एस डब्ल्यू’ अक्षरांचे असावे, आणि ती अक्षरे का लिहिली आहेत हे ते उडवणाऱ्या विद्यार्थ्याला सांगता यावे, एवढा आग्रह महाविद्यालयांनी जरूर धरावा.