नातीची भूतदया आणि आजोबांची काठी

महाविद्यालयात शिकणारी आपली नात हल्ली मुक्या प्राण्यांविषयी पोटतिडकीने बोलत असेल. आवारात पथनाट्ये करणे, भित्तिपत्रके लावणे, पक्ष्यांसाठी पाणी ठेवणे, जखमी कुत्र्याला पशुवैद्याकडे नेणे ही कामे विद्यार्थी मनापासून करतात. मात्र हाती काठी घेऊन फिरायला निघणाऱ्या आपल्याला त्याच कुत्र्यांची भीती वाटते. घरोघरी यावरून वाद होतात. डॉक्टर या नात्याने मला दोन्ही बाजू पटतात.

हा वाद नवा नाही. १८३२ मध्ये मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला.

आपली भीतीही अनाठायी नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय कुत्रे अंगावर आल्याने तोल जाऊन पडणे व खुब्याचे हाड मोडणे, हेही उतारवयात मोठेच संकट असते.

यातून मार्ग आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये निर्बीजीकरण आणि रेबीजविरोधी लसीकरण हे या प्रश्नावरचे मुख्य उपाय आहेत. वसाहतीत कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे व मुलांच्या खेळण्याच्या जागा यांपासून दूर, ज्येष्ठांची वर्दळ कमी असेल अशी निवडावी. वेळही त्यांच्या येण्याजाण्याचा विचार करून ठरवावी, असे हेच नियम सांगतात. म्हणजे आपली सुरक्षितता हा भूतदयेचाच एक भाग आहे. हे नातीला अवश्य सांगा. तिच्या मोहिमेत लसीकरणाला अग्रस्थान असावे, असा आग्रहही धरा.

कुत्रे जवळ आल्यास पळू नका, काठी उगारू नका, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. शांत उभे राहा आणि हळूहळू मागे सरा.

चावा किंवा ओरखडा, कितीही किरकोळ वाटला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशीच घ्या. जखमेतून रक्त आले असल्यास लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचीही गरज असते. धनुर्वाताच्या लशीविषयीही विचारा. मधुमेह असेल, किंवा रक्त पातळ करणारी अथवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. शुश्रूषा करणाऱ्यांनी या औषधांची यादी हाताशी ठेवावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला चावा घेतल्याचे सांगता येईलच असे नाही. म्हणून ती फिरून आल्यावर तिचे हातपाय एकदा पाहून घ्यावेत.

२८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नातीच्या महाविद्यालयात कार्यक्रम असेल, तर तिच्यासोबत अवश्य जा. मुलांच्या करुणेला आपल्या अनुभवाची जोड मिळाली, तर प्राणी सुखी होतील आणि आपले सकाळचे फिरणेही निर्धास्त होईल.