जिवाची तहान

शरीराची तहान कोणास शिकवावी लागत नाही. वैशाखातील भर दुपारी आपल्या ह्या काळ्या मुलखातून दोन कोस पायी चालून आलेल्या मनुष्यास काय हवे असे विचारले, तर तो विचार करीत बसत नाही, पाणी मागतो. जिवाच्या तहानेची गोष्ट निराळी आहे. ती लागलेली असते, परंतु तिचे नाव पुष्कळदा आपणांस ठाऊक नसते, आणि म्हणून आपण तिला भलतीच नावे देतो. विद्यार्थी म्हणतो, मला परीक्षेत वरचा क्रमांक मिळाला म्हणजे झाले. तो मिळतो, महिनाभर बरे वाटते, आणि पुनः तीच हुरहुर लागते. गृहस्थ म्हणतो, नोकरीत कायम झालो आणि मुलीचे लग्न उरकले, की मन स्वस्थ होईल. दोन्ही कार्ये यथासांग पार पडतात. स्वस्थता मात्र दाराबाहेरच उभी राहते. ह्या इच्छा वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. वरचा क्रमांक अवश्य मिळवावा. परंतु ही तहान त्या पाण्याची नव्हे, एवढे ओळखता आले पाहिजे.

ही तहान ख्रिस्ती लोकांनी परदेशातून ह्या देशात आणिली, असा समज कोणाचा असेल तर तो प्रथम दूर केला पाहिजे. गोदावरीच्या काठचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात आहे. जनाबाईचा जन्म तेथला. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली आणि नामदेवांच्या कुटुंबात तिचे सारे आयुष्य गेले, अशी परंपरा आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानलेली नरसीही १९९९ सालापर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. त्या वर्षी हिंगोलीचा निराळा जिल्हा झाला तेव्हा ती तिकडे गेली. जनाबाईच्या अभंगांत देव कोठे उंच सिंहासनावर बसलेला आढळत नाही. तो तिच्या जात्याचा खुंटा धरून दळू लागतो, तिच्याबरोबर गोवऱ्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. ज्यास हा केवळ भाबडेपणा वाटेल त्याने क्षणभर त्या दासीच्या जागी बसून पाहावे. पहाटेच्या अंधारात दुसऱ्यांच्या घरचे दळण दळणाऱ्या स्त्रीला कोण सोबती? तिला देवाकडून काही वस्तू नको आहे. देवच हवा आहे, आणि तोही आपल्या कामात हात घालणारा. जिवाच्या तहानेची याहून स्पष्ट खूण मला तरी ठाऊक नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांची श्रद्धा अशी की, देवाने खरोखरीच तसे केले: तो नासरेथ गावी सुताराच्या घरी राहिला, त्याने हाताने काम केले, आणि मरणाच्या आदल्या रात्री कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. ही श्रद्धा सर्व वाचकांची नसेल. परंतु गंगाखेडच्या त्या दासीची तहान आणि आमची तहान एकच, हे म्हणावयास कोणाची हरकत असू नये.

याचे उदाहरण म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र पाहावे. (मुलांनी लोकमान्यांशी त्यांच्या नावाचा घोटाळा करू नये.) त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. आई लहानपणीच वारली. पुढे नाशकास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, आणि नंतर कोठे कवी, कोठे कीर्तनकार, कोठे शिक्षक अशा नात्यांनी ते गावोगाव हिंडले. एका ठिकाणी त्यांचे मन फार दिवस रमले नाही. बाहेरून पाहणाऱ्यास हा निव्वळ चंचलपणा वाटे. परंतु त्या वर्षांत त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता: देव एक असून तो सर्वांचा पिता आहे, मनुष्ये सारी भावंडे आहेत, जातिभेद खोटा आहे, आणि ह्या पायावर आपणच एक नवा धर्म उभारावा. अशा मनःस्थितीत १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने धर्माचा वाद घातला नाही; प्रथम संस्कृत काव्याविषयी गोष्टी काढल्या. निघताना त्याने पवित्र शास्त्राची एक प्रत हाती दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. दिलेल्या शब्दास जागावे एवढ्याच हेतूने टिळकांनी वाचन आरंभिले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले, आणि मग पुस्तक खाली ठेववेना. आपण जो धर्म रचू पाहत होतो तो येथे कोणी आधीच जगून दाखविला आहे, असे त्यांस दिसून आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट येथे संपली असे पुष्कळांस वाटते. खरे पाहता एक निराळीच गोष्ट येथून सुरू झाली. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर त्या दिवशी आकाश कोसळले. पुढील सुमारे चार-पाच वर्षे त्या लहानग्या मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पतीचा त्याग करावा असे त्यांस वाटेना, आणि पतीच्या घरचे पाणी प्यावे असेही वाटेना. पुढे त्या एकत्र राहावयास आल्या तेव्हाही प्रथम त्यांचा स्वयंपाक निराळा आणि पाणी निराळे असे. टिळकांनी त्यांच्यावर जुलूम केला नाही. जात ही देवाने केलेली की माणसाने, ह्याचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी केला, त्यांच्या स्वतःच्या वेगाने केला, आणि १९०० साली आपखुषीने बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात ही सारी हकीकत आहे, आणि ती वाचताना डोळ्यांत पाणी येते तसे पोट धरून हसूही येते. एकाची तहान भागली म्हणून दुसऱ्याची आपोआप भागत नाही, आणि एकाच्या पाणी पिण्याने दुसऱ्याच्या घरात दुष्काळही पडू शकतो, हे ज्यास कळले नाही त्याने ह्या विषयावर उपदेश करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वतः टिळकांची तरी तहान कोठे संपली होती? त्यांनी अहमदनगरास अध्यापन केले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन केले, मराठी मंडळ्या आजही गातात ती शंभरांहून अधिक भक्तिगीते लिहिली. जसजसे वय वाढले तसतसे ते परकीय पेहरावातील ख्रिस्ती धर्माने असमाधानी होत गेले आणि पुनः संतांकडे वळले. आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडिली, वैराग्यवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ह्या नावाने ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले.

तेव्हा तृप्ती म्हणजे काय, हा प्रश्न उरतो. तहान कायमची नाहीशी होणे म्हणजे तृप्ती, असे म्हटले तर टिळक अतृप्तच गेले म्हणावे लागेल. मला वाटते, खेड्यातील कोणत्याही मुलाने पाहिलेले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. कळपात चुकलेले वासरू दिसेल त्या गाईमागे हंबरत धावते आणि लाथा खाते. त्यास आपली आई सापडली म्हणजे पुढे भूक लागतच नाही असे नव्हे. उलट ते अधिकच जोराने लुचू लागते. परंतु भलत्या गाईंच्या लाथा खाणे थांबते. शोध संपतो, ओढ संपत नाही. ख्रिस्ती मनुष्य ज्यास तृप्ती म्हणतो ती अशी आहे.

हाच भेद पंडिता रमाबाईंच्या चरित्रात अधिक ठळक दिसतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि निष्ठावंत ब्राह्मण. पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष पत्करिला. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, आणि बालपण सारे तीर्थयात्रेत गेले. जवळचे द्रव्य दानधर्मात संपले, दुष्काळ पडला, अखेर कित्येक दिवस झाडपाला व पाणी ह्यांवर काढावे लागले. आईबाप व बहीण एकामागून एक निवर्तली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीस ‘सरस्वती’ ही पदवी दिली. पण ज्या देवास शोधण्यात घर संपले तो देव काही भेटला नव्हता. पुढे विवाह झाला, आणि पतीच्या पुस्तकसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत हाती आली. १८८२ साली वैधव्य आले. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी चालविलेले पतित स्त्रियांचे आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांस समाज दाराशी उभे करीत नाही त्यांची सेवा ह्या बाया का करितात, असे त्यांनी विचारिले. उत्तरादाखल त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला.

त्या अध्यायातील कथा अशी. भर दुपारी एक शोमरोनी स्त्री याकोबाच्या विहिरीवर एकटीच पाणी भरावयास येते. सकाळ-संध्याकाळच्या बायकांच्या मेळाव्यात न येता ती उन्हात येते, ह्याचे कारण तिच्या पूर्वायुष्यात असावे, असे पुष्कळ टीकाकार म्हणतात. आपल्याकडील पाणवठ्यांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या प्रसंगावर निराळे भाष्य नको. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत; आणि तरी येशू, जो यहुदी आहे, तो तिच्याजवळ पाणी मागतो. देणारा स्वतः तहानलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. मग तो तिला एका वेगळ्या पाण्याविषयी सांगतो, जे बाहेरून ओढावे लागत नाही, आतूनच झऱ्यासारखे उफाळते. तो तिचा गत इतिहासही तिला सांगतो, पण तिचा धिक्कार करीत नाही. कोणत्या डोंगरावर भजावे, ह्या जुन्या तंट्यात तो तिला गुंतवीत नाही. बाई घागर तेथेच टाकून गावात धावत जाते.

ह्या अध्यायाने रमाबाईंचे मन जिंकले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी स्वतःच पुढे नमूद करून ठेविले आहे की, ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला तरी स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळावयास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. ह्या आठ वर्षांत त्या काही स्वस्थ बसलेल्या नव्हत्या. त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, ग्रंथ लिहिला, १८८९ साली मुंबईत शारदासदन काढिले. चांगले काम चालू होते, नाव झाले होते, धर्मही बदलला होता. तहान मात्र तशीच होती.

ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या मुलांस मला येथे थोडे बोलावयाचे आहे. तुम्ही विहिरीच्या काठीच जन्मलात. तुम्हांस गीते पाठ आहेत, दहा आज्ञा पाठ आहेत, रविवारी कोणता सदरा घालावयाचा हेही ठाऊक आहे. काठावर राहणाऱ्याचा एक धोका असा की, पाणी जवळ आहे ह्या भरवशावर तो कित्येक वर्षे पीतच नाही. रमाबाईंसारख्या स्त्रीस बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे शोधावे लागले, तर नावनोंदणीच्या वहीत ‘ख्रिस्ती’ असे लिहिले आहे तेवढ्याने आपले भागेल काय?

आणि इतर धर्मांच्या पालकांस. आपल्या मनातील शंका नवी नाही. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. ह्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले, शारदासदनाच्या सल्लागार मंडळाने राजीनामा दिला, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती मी समजू शकतो, आणि दार न लावणाऱ्या रमाबाईंसही समजू शकतो. सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत विद्यार्थ्यास, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकास विचारल्यावाचून, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत ओढता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते. ते योग्यच आहे. कायदा नसता तरी तहान लादता आली नसती. ती लागावी लागते. शिक्षकाने फार तर एवढे करावे की, मुलाने प्रश्न विचारला असता तो हसण्यावारी नेऊ नये.

ज्या विद्यार्थ्यांस पुढे वाचावेसे वाटेल त्यांनी कोठून आरंभ करावा, हे सांगून पुरे करितो. टिळकांस मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांनी धरिले, रमाबाईंस प्रथम लूकाने आणि मग योहानाच्या चौथ्या अध्यायाने. शोमरोनी स्त्रीची कथा बेचाळीस ओव्यांची आहे आणि पाव तासात वाचून होते. त्याबरोबर जनाबाईचे अभंग वाचावेत. ‘स्मृतिचित्रे’ मोठ्या सुटीसाठी ठेवावे. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूमुळे थोड्याच अध्यायांवर अडले होते. ते पुढे बहुतेक सारे लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि दोघांच्याही मागे, १९३८ साली, ते छापून निघाले. पतीच्या घरचे पाणी पिण्यास एके काळी जी स्त्री कचरली, तिचा हात त्या ग्रंथावर आहे हे लक्षात ठेवून तो उघडावा.