चार हजार मीटरांवरचा पेरिडॉट

पाकिस्तानातल्या कोहिस्तानात सापत नावाची खाण आहे. खाण म्हणायची एवढंच; सुमारे ४,००० मीटर उंचीवरचे ते उघडेबोडके डोंगरउतार. बर्फ हटला की उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत तिथे खोदकाम चालतं. १९९०च्या दशकात इथला पेरिडॉट बाजारात आला आणि जाणकारांचे डोळे विस्फारले. इतके मोठे, इतके नितळ स्फटिक क्वचितच दिसतात.

पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हिन, मॅग्नेशियम आणि लोहाचं सिलिकेट. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्येही ते असतं, पण बारीक कणांत, अंगठीत बसवण्याजोगं नव्हे. माणकाला लाली येते ती क्रोमियमच्या लेशामुळे, म्हणजे उसनी. पेरिडॉटचा हिरवा रंग मात्र त्याच्या घडणीतल्याच लोहाचा, घरचा.

सापतचे खडक मूळचे प्रावरणातले, भूकवचाखालचे. भारतीय आणि आशियाई भूपट्ट एकमेकांवर आदळले, त्या रेट्यात ते वर उचलले गेले. भेगांमधून फिरणाऱ्या उष्ण द्रावांनी पोकळ्यांत हे स्फटिक वाढवले. काहींच्या पोटात केसांसारख्या काळ्या सुया दिसतात. त्या लुडविगाइट या बोरॉनयुक्त खनिजाच्या. डाग म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. खडा कुठला, हे ओळखायला त्यांच्यासारखी खूण नाही.

पेरिडॉटची आणखी एक खूण: भिंगातून वरच्या पैलूतून तिरकं आत पाहा, मागच्या कडा दुहेरी दिसतील. घ्यायचाच तर कानातल्यांसाठी घ्या. काठिण्य साडेसहा ते सात, आणि साध्या धुळीत तितकंच कठीण क्वार्ट्झ असतंच. रोजच्या अंगठीत ओरखडे ठरलेले.