टोप्या सांभाळा, हेलिकॉप्टर उतरतंय!

गावची वस्ती साधारण ६६ हजार आणि आठवडाभरात पाहुणे सात लाख! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं ऑशकॉश दर जुलैअखेर हा भार हसत उचलतं. निमित्त असतं ‘ईएए एअरव्हेंचर’ या हवाई जत्रेचं. २०२५ साली तिथे ७ लाख ४ हजारांच्या घरात माणसं आली, दहा हजारांहून जास्त विमानं आली. हा पसारा आवरायला सहा हजारांच्या आसपास स्वयंसेवक लागतात. पगार शून्य, ऊन भरपूर. कुणी गाड्या लावून घेतं, कुणी विमानं, कुणी रांगा सरळ करतं.

यातली सगळ्यात केस विस्कटणारी ड्यूटी म्हणजे हेलिकॉप्टरच्या कोपऱ्यातली. हेलिकॉप्टर उडवायला एक वैमानिक पुरतो. ते सुखरूप चढावं-उतरावं म्हणून खाली उभी असलेली माणसं मात्र दिवसभर डोळ्यांत तेल घालून असतात. त्यांच्या कामातल्या या गमतीजमती.

१. जत्रा सुरू झाली तळघरातून

पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ म्हणजेच ईएए स्थापन केली. घरच्या घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांचं हे मंडळ. कारभार चालायचा पोबेरेझ्नींच्या राहत्या घराच्या तळघरातून. त्याच वर्षी मिल्वॉकीत पहिला मेळावा भरला, तेव्हा जेमतेम शे-दीडशे माणसं आणि मोजकी विमानं होती. १९५९ मध्ये मेळावा इलिनॉयमधल्या रॉकफर्डला गेला आणि १९७० पासून ऑशकॉशला स्थिरावला. हौशी लोकांनी हौसेने सुरू केलेली गोष्ट असल्यामुळे राबणारे हात पहिल्यापासून घरचेच.

२. बोलायचं नाही, फक्त पंख हलवायचे

जत्रेच्या आठवड्यात इथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात गजबजलेला असतो. ताशी शंभराहून जास्त उड्डाणं आणि उतरणी. प्रत्येक वैमानिक रेडिओवर बोलत बसला तर सगळाच खोळंबा. म्हणून बहुतेक छोटी विमानं रिपन गावावरून रेल्वेच्या रुळांचा माग काढत फिस्कपर्यंत येतात. तिथे दुर्बिणी घेऊन बसलेले कंट्रोलर विमानाचा रंग आणि ठेवण पाहून आज्ञा सोडतात आणि वैमानिक पंख हलवून ‘कळलं’ म्हणतो. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. कुणी कुठल्या ठिपक्यावर टेकायचं ते ठरवून देतात, म्हणजे एकाच धावपट्टीवर एकापाठोपाठ एक विमानं उतरू शकतात. कंट्रोलर मंडळींचे शर्ट असतात भडक गुलाबी.

३. पंखेवाल्यांच्या दोन आळ्या

एवढ्या धांदलीत हेलिकॉप्टरं मध्ये कडमडू नयेत म्हणून त्यांच्या जागा वेगळ्या. ईएएच्या संग्रहालयामागे ‘पायोनिअर एअरपोर्ट’ आहे, जुन्या काळातल्या छोट्या विमानतळाच्या थाटात उभारलेला. पर्यटकांना जत्रेवरून चक्कर मारून आणणारी बेल ४७ हेलिकॉप्टरं इथून उडतात. दुसरी आळी मैदानाच्या दक्षिण टोकाला, ‘फन फ्लाय झोन’ नावाची. तिथे गवताची धावपट्टी आणि तिच्यावर अल्ट्रालाइट विमानं, घरी बांधलेली हेलिकॉप्टरं, मोटर लावलेली पॅराशूट असा सगळा गोतावळा.

४. काचेचा बुडबुडा आणि तत्त्वज्ञ

चक्कर मारणारं बेल ४७ हे आजोबांच्या वयाचं यंत्र आहे. ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळवणारं ते पहिलं हेलिकॉप्टर. पुढचा तो गोल पारदर्शक बुडबुडा आणि मागची जाळीदार शेपटी पाहून न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’लाही मोह आवरला नाही. या जातीचं एक हेलिकॉप्टर तिथल्या संग्रहात कलावस्तू म्हणून आहे.

ते घडवणारे आर्थर यंग मुळात तत्त्वज्ञानात रमलेले. विश्वाचा सिद्धांत मांडायचा तर आधी एखादा अवघड व्यावहारिक प्रश्न सोडवून हात साफ करावा, म्हणून त्यांनी हेलिकॉप्टर निवडलं. धान्याच्या जुन्या कोठारात मॉडेलं बनवत त्यांची वर्षं गेली. यंत्र उडालं, परवाना मिळाला आणि हे गृहस्थ पुन्हा तत्त्वज्ञानाकडे वळले. १९७६ मध्ये त्यांचा ‘द रिफ्लेक्सिव्ह युनिव्हर्स’ हा ग्रंथ आला.

५. वाऱ्यावरची टोपी

हेलिकॉप्टरजवळचा पहिला नियम म्हणजे टोपी काढा. गंमत अशी, की इगोर सिकोर्स्की यांनी १४ सप्टेंबर १९३९ ला आपलं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर दोराने बांधलेल्या अवस्थेत पहिल्यांदा जमिनीवरून उचललं. त्यानंतरच्या चाचण्यांच्या छायाचित्रांत ते उघड्या यंत्रात ऐटीत फेडोरा हॅट घालून बसलेले दिसतात. पण ते होते पंख्याखाली आणि त्यांचं नशीबही जोरावर. पर्यटकांच्या बाबतीत हा जुगार कुणी खेळत नाही.

पूर्ण भरलेलं बेल ४७ जागच्या जागी तरंगत असताना त्याच्या ११ मीटर व्यासाच्या पंख्यातून खाली सुटणारा वारा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पोचतो. जमिनीवर आपटून तो चहूबाजूंना फाकतो. उडालेली टोपी पंख्यात ओढली जाऊ शकते, पण त्याहून मोठी भीती टोपीमागे धावणाऱ्या माणसाची. माणूस टोपी बघतो, पाती बघत नाही. म्हणून टोपी, ओढणी, कागदी पत्रक, प्लास्टिकची पिशवी, सगळं आत किंवा घरी. छत्री किंवा कॅमेऱ्याची तिकाटणी खांद्यावर टाकून चालायचं नाही. ती आडवी आणि कमरेखाली धरायची.

६. अदृश्य पंखा

वरचा मोठा पंखा सगळ्यांना दिसतो. खरी दहशत शेपटीच्या छोट्या पंख्याची. रॉबिन्सन आर-२२ या प्रशिक्षणातल्या लाडक्या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा मिनिटाला पाचशेवर फेरे घेतो. शेपटीचा घेतो तीन हजारांवर, म्हणजे सेकंदाला पन्नासहून जास्त. उन्हात तो दिसेनासाच होतो, आणि असतोही माणसाच्या उंचीला. म्हणून स्वयंसेवकाचा मंत्र: समोरून किंवा बाजूने यायचं, वैमानिकाची नजरभेट झाली की पुढे सरकायचं आणि मागून कधीही फिरायचं नाही.

मग शेपटीचा हा पंखा मुळात लावायचाच कशाला? मुख्य पंखा एका दिशेने फिरला की अख्खं हेलिकॉप्टर उलट्या दिशेने गरगरू पाहतं. शेपटीचा पंखा ते रोखतो. अमेरिकी हेलिकॉप्टरांचा मुख्य पंखा वरून पाहिलं तर सहसा घड्याळाच्या उलट फिरतो, फ्रेंच आणि रशियनांचा घड्याळाबरोबर. त्यामुळे यंत्र बदललं की वैमानिकाच्या पायांनाही नवी सवय लावून घ्यावी लागते.

७. थांबत आलेला पंखा जास्त वाईट

हे ऐकून नवशिके स्वयंसेवक चक्रावतात. वेगात फिरताना पाती ताणलेली आणि सरळ असतात. वेग उतरला की ताण सुटतो, पाती खाली झुकायला लागतात आणि वाऱ्याची एक झुळूक त्यांना आणखी खाली लोटते. म्हणजे ‘आता थांबलंच की’ म्हणून पुढे झेपावणारा माणूस नेमका वाईट क्षणी झेपावतो. चक्कर मारणाऱ्या हेलिकॉप्टरांत बहुतेक वेळा पंखा फिरता ठेवूनच माणसं चढवतात-उतरवतात. एका जोडीला सोडायचं, पट्टे तपासायचे, दार लावायचं, दुसऱ्या जोडीला कमरेत वाकवून न्यायचं. हे सगळं ठरल्या वाटेने, एका स्वयंसेवकाचा हात धरून.

८. मूकनाट्य

इंजिनाच्या आवाजात गळा फाडून काही उपयोग नाही. म्हणून हातांची भाषा. दोन्ही हात आडवे ताणून धरले की ‘आहेस तिथेच तरंगत राहा’. तळवे आभाळाकडे करून हात वर नेले की ‘चढ’, तळवे जमिनीकडे करून खाली नेले की ‘उतर’. हात शरीरापुढे खाली घेऊन एकमेकांवर आडवे धरले की ‘टेक’. गळ्यावरून हात फिरवला की धमकी समजू नये, ‘इंजिन बंद कर’ एवढाच त्याचा अर्थ. खुणा करणारा एकच हवा. दोघांनी हात हलवले तर वैमानिकाने कुणाचं ऐकायचं?

९. ‘तुमचं वजन किती?’

चारचौघांत विचारू नये असा प्रश्न इथे राजरोस विचारतात, आणि उत्तरावर विश्वास न ठेवता काट्यावर उभं करतात. बेल ४७ च्या एकाच बाकावर तिघं, त्यातला एक वैमानिक. छोट्या हेलिकॉप्टरमध्ये दहा-वीस किलोंनीही तोल सरकतो. त्यात दुपारी हवा तापून विरळ झाली की पंख्याला पकड कमी मिळते, म्हणून सकाळी चाललेलं वजन दुपारी चालेलच असं नाही. आणखी एक मौज: बहुतेक हेलिकॉप्टरांत वैमानिक उजवीकडे बसतो, बेल ४७ जी मध्ये मात्र डावीकडे.

१०. ‘अहो, ते हेलिकॉप्टर नाही!’

फन फ्लाय झोनमधल्या स्वयंसेवकाला हे वाक्य तोंडपाठ होतं. वर पंखा फिरताना दिसला की लोक बोट दाखवतात. पण जायरोप्लेनच्या वरच्या पंख्याला उडताना इंजिनाची ताकद मिळतच नाही. इंजिन मागचा पंखा फिरवून यंत्राला पुढे ढकलतं आणि वरचा पंखा समोरून येणाऱ्या हवेने आपोआप फिरतो. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी जानेवारी १९२३ मध्ये अशा यंत्राचं यशस्वी उड्डाण घडवलं, सिकोर्स्कींच्या कितीतरी आधी. वरच्या पंख्याला इंजिनाचा जोर नसल्यामुळे जायरोप्लेन जागच्या जागी तरंगू शकत नाही. पक्की ओळख हीच.

११. स्प्लेंडरएवढं हेलिकॉप्टर

अमेरिकेच्या नियमांत अल्ट्रालाइट म्हणजे रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत, माणूस एकच, इंधन जास्तीत जास्त ५ गॅलन. या चौकटीत बसलात तर वैमानिकाचा परवाना लागत नाही. दाट वस्तीवरून मात्र उडायचं नाही. २५४ पौंड म्हणजे ११५ किलो, आपल्या हिरो स्प्लेंडरच्या जवळपास. ‘मॉस्किटो’ नावाचं एक हेलिकॉप्टर याच मापात बसवलेलं आहे. पायांखाली फरशी नाही, भोवती भिंती नाहीत, समोर सरळ हवा. त्याच्या मालकांना स्वयंसेवक जरा जास्तच आदराने वागवतात.

१२. इंजिन बंद पडलं तर?

रांगेतला प्रत्येक तिसरा माणूस हे विचारतो. उत्तर असं, की हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. खाली येताना हवा खालून वर जाते आणि पंखा फिरता ठेवते. त्याच फिरकीच्या जोरावर शेवटी अलगद टेकता येतं. याचा जबर दाखला २१ जून १९७२ चा. फ्रान्सचे जाँ बुले यांनी ‘लामा’ हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. तिथल्या थंडीत इंजिन विझलं आणि ते एव्हरेस्टपेक्षाही उंचावरून बंद इंजिनावर खाली उतरले. ही लामा मुळात भारतीय सैन्यदलांच्या हिमालयातल्या गरजेसाठी बनवलेली. एचएएल या भारतीय विमान कंपनीने तिला नाव दिलं ‘चीता’, आणि सियाचीनमध्ये रसद नेणारी ती हीच.

१३. नायक आणि बालगोपाळ

‘यंग ईगल्स’ हा ईएएचा १९९२ मध्ये सुरू झालेला उपक्रम. स्वयंसेवक वैमानिक ८ ते १७ वयाच्या मुलांना फुकट उडवून आणतात. अभिनेते हॅरिसन फोर्ड काही वर्षं त्याचे अध्यक्ष होते. २०१६ मध्ये ऑशकॉशला विसाव्या लाखाचा मान मिळालेल्या मुलीला त्यांनीच विमानातून फिरवून आणलं. हे गृहस्थ हेलिकॉप्टरही चालवतात. २००० साली डोंगरात आजारी पडलेल्या एका तरुणीला उचलायला तेच गेले होते.

१४. चिखलोत्सव

२०१० मध्ये जत्रेच्या तोंडावर एवढा पाऊस झाला, की गवताची मैदानं दलदल झाली. विमानं लावायला कोरडी जागा उरेना. लोकांनी त्या वर्षाचं बारसं ‘स्प्लॉशकॉश’ असं करून टाकलं.

आणि आपल्या मैदानावर

हेलिकॉप्टर आपल्यालाही परकं नाही. १९२८ पासूनच्या जुहू विमानतळावर आज मुख्यत्वे हेलिकॉप्टरांचीच ये-जा. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कामगार नेणारी हेलिकॉप्टरं इथूनच सुटतात. नाशिकच्या गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात. पण बहुसंख्य मराठी माणसांना हेलिकॉप्टर जवळून दिसतं ते निवडणुकीत. शाळेचं मैदान, फक्कीने आखलेला एच, धूळ बसावी म्हणून मारलेलं पाणी आणि कुंपणावर चढलेलं अर्धं गाव.

तिथे उपयोगी पडेल असा एक हिशेब लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या वैमानिकांना सल्ला असतो, की तरंगत्या हेलिकॉप्टरपासून पंख्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतर राखा. हे सांगतात विमानात बसलेल्यांना. आपण तर दोन पायांवर उभे. पंखा ११ मीटरचा असेल तर ३३ मीटर, मोठा असेल तर आणखी मागे. हवालदार ‘मागे सरका’ म्हणाला तर हुज्जत घालू नका, आणि हार घेऊन पुढे धावणाऱ्या कार्यकर्त्याला कोपरापासून धरा. पंखा पुरता थांबल्यावरही हार तेवढाच ताजा असतो.