गर्भातील फुप्फुसे व संप्रेरकांचे ग्राही

स्मरणिकेत आम्ही बहुधा आवक, भाव व अडत यांविषयी लिहितो. यंदा निराळा विषय घेण्यास घरचेच निमित्त घडले. पांढुर्ण्यास माहेरी आलेल्या आमच्या कन्येला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. "आठव्याचे मूल जगत नाही," असे वडीलधारी मंडळी पुटपुटू लागली. डॉक्टरांनी मात्र डेक्सामेथासोनची पहिली मात्रा टोचून तिला नागपूरला पाठविले. दोन दिवसांनी नात जन्मली व खणखणीत रडली.

गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. जन्मानंतर श्वास सोडताना त्यांतील वायुकोश मिटू नयेत म्हणून आतून स्निग्ध लेप लागतो. तो २४ व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतो व ३५ व्याच्या सुमारास पुरेसा साठतो. अर्थात सातव्यापेक्षा आठव्या महिन्याचे मूलच अधिक सक्षम असते. जुनी समजूत निराधार आहे.

हा लेप वेळेवर सिद्ध होण्यास कॉर्टिसोल हे संप्रेरक साहाय्य करते. परंतु माल आला तरी घेणारा हवाच. पेशीतील हा घेणारा म्हणजे 'ग्राही'. संप्रेरक त्याला मिळाले की तो पेशीकेंद्रात जाऊन योग्य जनुके जागी करतो. १९९५ साली हा ग्राही नसलेले उंदीर निपजविण्यात आले; त्यांपैकी बहुतेक श्वास न घेता आल्याने जन्मताच दगावले.

डेक्सामेथासोन याच ग्राहीला जाऊन मिळते. न्यूझीलंडच्या लिगिन्स व हाउई यांनी १९७२ साली त्याच जातीच्या औषधाचा गुण मातांवर सिद्ध केला. भारत सरकारने २०१४ साली २४ ते ३४ आठवड्यांसाठी ६ मिलिग्रॅमच्या चार मात्रा, १२ तासांच्या अंतराने, अशी पद्धत घालून दिली.

परंतु औषध सरसकट देऊन चालत नाही. नागपूर व बेळगावसह सहा देशांत झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ साली आला. तीत पूर्ण दिवसांच्या अनेक मातांनाही औषध मिळाले, आणि नवजात मृत्यू हजारी सुमारे २४ ऐवजी २७ भरले. उलट २०२० च्या चाचणीत दिवसांची नीट खात्री करून रुग्णालयात औषध दिले, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बालकांचे मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले. जन्मानंतर तर बहुतेक वायुकोश नव्याने घडावयाचे असतात; तेव्हा हेच औषध अधिक झाल्यास ती घडण खुंटते, असे प्राण्यांच्या पिलांत दिसले आहे.

माप चुकले की चोख मालही नुकसान करतो, हे आपणा व्यापाऱ्यांस सांगावयास नको. म्हणून पांढुर्णा-सौसरच्या बंधुभगिनींस विनंती की, पाळीची तारीख लिहून ठेवावी, पहिली सोनोग्राफी लवकर करावी आणि अवेळी कळा येताच घरगुती उपायांत घटकाही न दवडता दवाखाना गाठावा.