बोटीचं कव्हर कसं निवडायचं? ताडपत्री, जीएसएम आणि आतून येणारं पाणी

ताडपत्रीला एकही भोक नव्हतं. तरीही बोटीतली प्लाय फुगली होती, लाइफ जॅकेटवर काळी बुरशी होती आणि खाली हात लावला तर ओल. मित्रांनो, हा किस्सा आमच्या कळंब्यातलाच आहे, आणि आजचा लेख त्याच्यामुळेच लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2019 आणि 2021 च्या महापुरात चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका इकडे काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. 2021 नंतर आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून बोट बनवून घेतली. दोन बंद पोकळ फ्लोट, त्यावर लोखंडी अँगलची फ्रेम आणि वर सपाट प्लायवूड. अशा रचनेच्या बोटीला पोंटून बोट म्हणतात. पुरात गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडतात ना, ती तरंगते तिच्या खोलगट आकारामुळे. पोंटूनमध्ये तरंगायचं काम फ्लोटमधली कोंडलेली हवा करते आणि वरचा भाग सपाट राहतो. म्हातारी माणसं, लहान पोरं, शेळ्या, सगळ्यांना चढायला सोपं.

आमच्या गल्लीत पुराचं पाणी येत नाही म्हणून बोट आमच्याकडे ठेवायचं ठरलं. आता अशी बोट वर्षातले साडेतीनशे दिवस नुसती पडून असते आणि उरलेल्या पाच-दहा दिवसांत तिने चाललंच पाहिजे. त्यामुळे खरा प्रश्न कव्हरचा. आम्ही दुकानात गेलो आणि सगळे विचारतात तेच विचारलं, "जाड कुठली आहे?" चूक तिथंच झाली.

जीएसएम म्हणजे काय, आणि तो घरी कसा मोजायचा

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, बस्स. त्यातून मटेरियल किती वापरलंय ते कळतं. पाणी अडेल का, उन्हात टिकेल का, हे कळत नाही. आणि छापलेला आकडा खरा असेलच असंही नाही. आम्हाला 250 जीएसएम सांगून दिलेली 18 बाय 12 फुटांची ताडपत्री नंतर काट्यावर टाकली. 216 चौरस फूट म्हणजे साधारण 20 चौरस मीटर, म्हणजे वजन 5 किलोच्या आसपास यायला हवं. आलं 3 किलो 700 ग्रॅम. म्हणजे 185 जीएसएम! थोडा फरक कट साइज आणि फिनिश साइजमुळे पडतो (कडा दुमडल्यावर माप कमी होतं), पण एवढा नाही. घेण्याआधी दुकानातच वजन करा, दोन मिनिटांचं काम आहे. एचडीपीईच्या विणलेल्या ताडपत्रीसाठी आयएस 7903 हे भारतीय मानक आहे, ते छापलंय का तेही बघा.

पण खरं सांगायचं तर 250 ची असती तरी आमची प्लाय फुगलीच असती.

पाणी आलं कुठून?

आम्ही बोट धुतली, वरवर पुसली, आणि ताडपत्रीत गुंडाळून खालपर्यंत दोरीने आवळून टाकली. एकदम पॅक. हवा जायला जागाच नाही. आता गणित बघा. 30 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते, 22 अंशाला साधारण 19 ग्रॅम. दुपारी ताडपत्रीखाली हवा तापते, ओल्या प्लायमधली आणि खालच्या मातीतली ओल शोषून घेते. रात्री ताडपत्री गार पडली की जास्तीची वाफ तिच्या आतल्या बाजूला थेंब होऊन जमते आणि परत प्लायवर टपकते. एका रात्रीत हे पाणी फार नसतं. पण खालची माती ओली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आमच्याकडे हा पंप आख्खं वर्ष चालू होता.

त्यामुळे कव्हर निवडताना पहिला प्रश्न हा, की आतली हवा बाहेर कशी जाणार? एकतर कापड थोडं श्वास घेणारं हवं, नाहीतर कव्हरला दोन्ही टोकांना, पाऊस आत येणार नाही अशी टोपी असलेल्या खिडक्या हव्यात. आणि बोट जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा जुन्या टायरवर उचलून, खाली मातीवर वेगळा प्लास्टिक कागद अंथरायचा. हा कागद सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

कापड कुठलं?

विणलेली एचडीपीई ताडपत्री स्वस्त, पाण्याला पक्की, पण अजिबात श्वास घेत नाही. उन्हात वर्ष-दोन वर्षांत तिची पांढरी भुकटी सुटायला लागली की समजायचं संपली. यूव्ही स्टॅबिलायझर घातलेली असेल तर जास्त टिकते, पण ते रंगावरून ओळखता येत नाही. सिलपोलिनसारख्या कागदात विणकाम नसतं, फिल्मचे थर एकमेकांवर आडवे-तिरपे चिकटवलेले असतात. हलका असतो आणि चांगला टिकतो, पण हवेच्या बाबतीत तोच प्रश्न.

ट्रकच्या हुडाला वापरतात ते पीव्हीसी कोटेड कापड दणकट, पण जड. एकट्या माणसाला उचलायचा विषय नाही. तुमची बोट हवा भरायची पीव्हीसीची असेल तर आणखी एक भानगड. उन्हात तापलेलं पीव्हीसी दुसऱ्या पीव्हीसीला चिकटतं आणि गडद कव्हरचा रंगही उतरू शकतो. तिथं मधे सुती चादर तरी टाकाच.

पॉलिएस्टर कव्हरवर जीएसएमऐवजी डेनियर लिहिलेला असतो. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. 600 डेनियर हा बोटीसाठी बरा आकडा आहे. त्यातही धागा बनवतानाच रंग मिसळलेलं सोल्यूशन डाइड कापड मिळालं तर घ्या, उन्हात लवकर विटत नाही. पाणी अडवायला आतून पीयू कोटिंग असतं, आणि ते किती पाणी अडवतं हे मिलिमीटरमध्ये लिहितात. 3000 मिमी म्हणजे कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी झिरपणार नाही. पण दमट हवेत काही वर्षांनी हे कोटिंग चिकट होऊन सुटतं. जुन्या रेनकोटच्या आत बघितलं असेल तुम्ही. नायलॉन नको, ओलं झालं की सैल पडतं.

सपाट डेक आणि एक टन पाणी

आमची बोट 16 बाय 7 फूट, म्हणजे साधारण 10.4 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. हवामान खातं 24 तासांत 64.5 मिमीच्या पुढे गेला की त्याला जोरदार पाऊस म्हणतं. 100 मिमी पडला तर आमच्या कव्हरवर 1040 लिटर, म्हणजे एक टनाहून जास्त पाणी पडतं. उतार असेल तर वाहून जातं. नसेल तर आधी एक छोटा खळगा होतो, त्यात पाणी साचतं, वजनाने खळगा मोठा होतो, मग आणखी पाणी साचतं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत इन्फिनिट लूप, फक्त इथं मेमरीऐवजी शिलाई फाटते. मधोमध दीड-दोन फूट उंच आडवा पाइप टाकून घराच्या पाख्यासारखा उतार काढायचा. पाइपच्या टोकांना जुनी ट्यूब गुंडाळा, नाहीतर तिथंच कापड घासून फाटतं.

शिलाई आम्ही रिक्षाचे हूड शिवणाऱ्या एका मामांकडून करून घेतली. त्यांनी पहिल्या फटक्यात सांगितलं, "सुती दोरा घालू नको, कुजतोय." पॉलिएस्टरचा जाड दोरा, कड दोनदा दुमडून दुहेरी टीप, वरून सीम टेप. रिंगा पितळी.

दोरी की बकल?

हा मुद्दा आम्हाला 2024 च्या जुलैत कळला. पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, रात्री फोन आला की बोट तयार ठेवा. बाहेर धो धो पाऊस, मोबाइलच्या उजेडात आम्ही चौघं गाठी सोडतोय. भिजलेली नायलॉनची गाठ काय सुटेना. शेवटी विळ्याने दोऱ्या कापल्या, तरी वीस मिनिटं गेली. त्या रात्री बोट लागली नाही, नशीब.

म्हणून आता दोरी नाही. पट्टा आणि दाबून सुटणारं प्लास्टिकचं बकल, दोन्ही बाजूंना पाच-पाच. शिवाय वर्षाचे दोन भाग केलेत. ऑक्टोबर ते मे पॉलिएस्टरचं मापात शिवलेलं कव्हर, ऊन आणि धुळीसाठी. पावसाळ्यात ते काढून घडी घालून ठेवतो, आणि त्याच पाइपवर ताडपत्री नुसती छपरासारखी, दोन्ही टोकं उघडी. थोडे शिंतोडे येतात, येऊ देत, वाऱ्याने वाळतात. कव्हर, शिलाई आणि बकलं मिळून साडेअकरा हजार गेले. दोघांनी कव्हर काढायला घड्याळ लावलं तर पावणेदोन मिनिटं लागली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, ती म्हणजे उंदीर. हिवाळ्यात उबेला येतात आणि पट्टे कुरतडतात. पट्ट्यांची टोकं वर गुंडाळून बांधली तर कमी होतं, बंद होत नाही. तुमच्याकडे काही जालीम उपाय असेल तर नक्की कळवा.