मेंदूची विरळणी

‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक मराठी कानाला चटकन कळतो. इंग्रजी घरात वाढलेल्या प्रौढाला तो टिपणे फार अवघड जाते. पण त्याच घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळाला त आणि ट सहज वेगळे ऐकू येतात! जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात हिंदीतले हेच ध्वनी बाळांना ऐकवून ही गोष्ट सिद्ध केली. वर्षाचे होता होता मात्र त्या बाळांची ही जाण ओसरते. आणि याच वयात ती स्वतःच्या भाषेत तरबेज होऊ लागतात.

गमावता गमावता शिकण्याची ही रीत मेंदूच्या घडणीतही दिसते. शिकागोचे पीटर हटनलॉकर मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर. मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते चेतापेशींमधले सांधे, म्हणजे सिनॅप्स, मोजत बसले. वयाबरोबर जोडण्या वाढत जात असतील, असे कोणालाही वाटेल. १९७९ साली त्यांनी मांडलेला हिशेब उलटाच निघाला. मेंदूच्या पुढच्या भागात सांध्यांची सर्वांत जास्त दाटी एक-दोन वर्षांच्या बाळात होती, प्रौढांच्या जवळपास दीडपट! त्यांच्या मोजणीत पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती उतरत गेली.

दाट उगवलेल्या रोपांची शेतकरी विरळणी करतो, तसेच हे काम. ज्या सांध्यातून संदेश वारंवार जातात तो बळकट होतो. जो फारसा वापरात नसतो तो क्षीण होतो. कोवळ्या उंदरांच्या मेंदूत तर मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असे सांधे चक्क गिळताना दिसल्या आहेत.

सगळीकडे ही विरळणी एकाच वेळी होत नाही. पाहण्या-ऐकण्याचे भाग लवकर स्थिरावतात. विचार आणि संयम सांभाळणाऱ्या कपाळामागच्या भागात मात्र, नंतरच्या अभ्यासांनुसार, ती विशी ओलांडल्यावरही चालू राहते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा मेंदू अजून घडतोच आहे, हे त्याच्यावर चिडण्याआधी आठवावे.

निसर्ग आधी उदंड जोडण्या देतो आणि त्यातल्या कोणत्या राखायच्या, हे बरेचसे जगण्यावर सोपवतो. म्हणून तर एकच मानवी मेंदू कोल्हापुरातही रुजतो आणि टोकियोतही. तान्ह्या बाळाशी भरभरून बोला. त्याला शब्द कळत नसले, तरी काय टिकणार याची निवड तेव्हाच सुरू झालेली असते.